प्रवासी क

"हॅलो? … हॅलो, ताई? बोल… अगं जरा मोठ्याने बोल, इथे ट्रॉल्यांचा खडखडाट चाललाय… हां, आता येतंय ऐकू. बसलीस का विमानात?"

धाकटी हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीपाशी उभी होती. काखेत बाबांच्या तपासण्यांची जाडजूड फाईल, हातात गार होऊन गेलेला चहा. बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन उद्या सकाळी आठला ठरलं होतं. थोरली आज येणार होती. ती राहायची तिथून दिवसाला एकच विमान सुटायचं, तेही लहानसं, चाळीस जणांचं. सुटायची वेळ अकरा. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

"नाही म्हणजे? … अजून काउंटरवरच आहेस? … मग कुठे आहेस? … बाकावर? बाकावर काय करतेयस? … ताई, तू रडतेयस का? … बरं, नाही रडत. नाही रडत, पण आवाज असा का येतोय तुझा? … हो, मी ऐकतेय. तू बोल. सावकाश बोल."

तिने चहाचा कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला.

"रांगेतून बाहेर पडलीस? … का गं? … हो… हो… काट्यावर?"

नेमका हाच शब्द तिला ऐकायचा नव्हता.

कारण त्या काट्याशी तिचा संबंध होता. ज्या कंपनीच्या विमानाने थोरली येणार होती, त्याच कंपनीत धाकटी अठरा वर्षं नोकरी करत होती. प्रत्येक विमान उडण्याआधी माणसं किती, सामान किती, इंधन किती याची बेरीज करून वैमानिकाच्या हातात कागद द्यायचा, हे तिचं काम. त्या कागदाला भारपत्रक म्हणत. या महिन्यापासून कंपनीने नवा नियम आणला होता. तिकिटाची थोडी रक्कम आधी घ्यायची आणि उरलेली काउंटरवर, प्रवासी आणि त्याची बॅग मिळून जे वजन भरेल त्यावर. थोरलीने तिकीट काढलं तेव्हा धाकटीला हे माहीत होतं. 'तिकडे काटा असेल हं,' एवढं सांगायला तिची जीभ रेटली नव्हती.

"आकडा कुठे दिसला? … भिंतीवर? रांगेकडे तोंड करून? … केवढा? … अरे देवा. अगं पण तो काउंटरच्या आतल्या बाजूला असायला हवा होता! तसं स्पष्ट लिहिलं होतं मी… काय? … नाही, काही नाही. लिहिलं होतं म्हणजे… कळवलं होतं कुणीतरी. तू सांग ना पुढचं."

एक नर्स औषधांची ट्रॉली ढकलत गेली. धाकटी भिंतीला चिकटून उभी राहिली.

"स्वेटर काढलास… घड्याळ पण? … ताई, घड्याळाचं काय वजन असतं? … हो गं, सगळेच काढतात. मला माहितीये, सगळेच काढतात… आणि मग काउंटरवरच्या बाईने आकडा मोठ्याने वाचला? … हसलं का कुणी? … कुणीच नाही? मग? …"

धाकटीने दुसऱ्या कानावर हात धरला.

"हं… सगळे गप्प झाले… सगळ्यांनी एकदम दुसरीकडे बघितलं… हं. हं. कळलं मला."

आणि ते तिला खरंच कळलं. लहानपणी शाळेत वजनं घ्यायचा दिवस असायचा, तेव्हा थोरलीच्या पोटात हमखास दुखायचं. आई रागवायची. बाबा काही न बोलता चिठ्ठी लिहून द्यायचे. त्या चिठ्ठ्या शाळेत पोचवायचं काम धाकटीकडे असायचं.

"मग तू उतरलीस आणि… बूट? … बूट तिथेच राहिले? ताई, म्हणजे आत्ता तू नुसत्या मोज्यांवर बसली आहेस? … अगं, जा ना, घेऊन ये… बरं, बरं, नको जाऊस. बस."

खिडकीबाहेर पार्किंगमध्ये एक माणूस गाडीच्या टपावरून घडीची खाट उतरवत होता. ती उगाचच त्याच्याकडे बघत राहिली.

"ऐक माझं. आत्ता सव्वादहा होतायत. काउंटर पावणेअकराला बंद होतो. तू उठ, जा, फरक काय असेल तो भरून टाक. मी देते तुला… नाही, पैशाचं नाही हे माहितीये मला, मी आपलं… अगं ऐक ना! बाबांनी सकाळपासून चार वेळा विचारलंय. थोरली निघाली का, थोरली निघाली का. डॉक्टर म्हणालेत, वय बघता काही सांगता येत नाही. स्पष्ट म्हणालेत. बसने निघालीस तर बावीस तास लागतील, उद्या सकाळचे आठ वाजून जातील, ताई. नंतर तू येऊन… कुणाला भेटणार?"

शेवटचे शब्द तोंडातून गेल्यावर तिने डोळे मिटून घेतले.

"… हो. चुकलं माझं. असं बोलायला नको होतं… ताई? आहेस ना? … कोण बोलतंय तुझ्या बाजूला? … कोण? … तुझ्या दुकानाशेजारचे बेकरीवाले? तेही उठून आले रांगेतून? … काट्यापर्यंत गेलेच नाहीत? तुझं बघून? … अरेरे. कुठे निघालेत? … मुलीकडे. बरं. त्यांना म्हणावं… काय म्हणणार आता. पाणी द्या म्हणावं तुला."

तिने गार चहाचा एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"बरं, एक करू या का? तू त्या बाईंना सांग, की गुडघ्याच्या दुखण्याच्या गोळ्या चालू होत्या, त्याने वजन वाढलं. डॉक्टरांचा कागद असेल तर सूट मिळते. तशी तरतूद आहे… हो, गोळ्या दोनच महिने घेतल्यास, पण सांगायला काय… का नाही? … हं… हं… नाही, तसं नाही गं म्हणायचं मला… कारण दिलं की माफी, आणि कारण नसलं की दंड, असं नाही ते… असंच आहे का? …"

थोरलीचं शिवणकामाचं दुकान होतं. एका खोलीचं, आत हिरव्या कापडाचा पडदा. गिऱ्हाइकाचं माप ती पडद्यामागे घ्यायची. टेपवरचा आकडा कधी उच्चारायची नाही. कानामागची पेन्सिल काढून वहीत लिहायची आणि वही मिटायची. तीस वर्षं त्या गावातल्या बायका तिच्याकडे येत होत्या, ते टाके सरळ असतात म्हणून, आणि वही मिटलेली असते म्हणूनही.

"हो, तुझ्या दुकानाचं माहितीये मला. शिलाई सगळ्यांना सारखी… पण ताई, कापड गिऱ्हाईक स्वतः आणतं ना? जाड्या माणसाला मीटरभर जास्त लागलं, तर ते त्याच्याच खिशातून… तेच तर म्हणतेय. इंधन म्हणजे आमचं कापड. वजन जास्त तर इंधन जास्त, यात कुणाचा अपमान नाही, हा नुसता हिशोब आहे… अगं, दुसरी बाजूही बघ. परवा एका आजीबाईंचं पत्र आलं ऑफिसात. चाळीस किलोच्या. लिहिलं होतं, इतकी वर्षं मी धिप्पाड माणसांच्या वाटणीचं भाडं भरत आले, आता पहिल्यांदा स्वस्तात नातवंडं बघून आले. तिचं काय चुकलं? … नाही, तिचं काही चुकलं नाही असंच म्हणतेस ना तूही? … मग? …"

तिने बराच वेळ ऐकून घेतलं. मध्येच "हं" म्हणायची, पण तो "हं" दर वेळी बारीक होत गेला.

"… हं. माप घ्यायला तुझी ना नाही… विमानाला वजन लागतं हे कळतं तुला… बरोबर, तू तर रोज मापं घेतेस… फक्त ते कुणासमोर घ्यायचं आणि त्याचं पुढे काय करायचं… हो. हो, ताई."

समोरच्या बाकावर रुग्णांचे नातेवाईक दाटीवाटीने बसले होते. एक म्हातारे गृहस्थ पेंगत होते, दोन बायका डबा सोडत होत्या. धाकटी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली, कारण थोरलीने आता काउंटरजवळच्या फलकाबद्दल विचारलं होतं.

"… कुठे? … काउंटरजवळ फलक? … हो, लावलाय सगळीकडे… तीन चित्रं. प्रवासी अ, ब, क… हो… तिसरं लाल रंगात? ते मला माहीत नव्हतं. रंग छापणाऱ्यांनी… काय? …"

थोरलीने तिसऱ्या चित्राखालचं वजन वाचून दाखवलं होतं.

"… एकशे बारा. हो, आहे तिथे एकशे बारा."

पुढचं तिला सांगावंच लागलं.

"ताई, थांब. मी सांगते. त्या फलकावरचा तक्ता मी केला. कंपनीने विचारलं, हे जमेल का, हिशोब मांडून द्या. मी मांडून दिला. उदाहरणाला तीन माणसं हवी होती. हलकं, मध्यम आणि… मी टेबलाशी बसले होते, आकडे घालायचे होते, डोक्यात पहिले आले ते घातले. अ म्हणजे मी. ब म्हणजे आमचे हे. आणि क… हो. तूच. गुडघ्याच्या डॉक्टरांकडे गेलो होतो ना आपण, तेव्हा तू बाहेर येऊन माझ्या कानात सांगितलं होतंस… फक्त मला. माहितीये. फक्त मला सांगितलं होतंस… नाव नाही गं कुठे तुझं! कुणाला कळणार… हो. तुला कळलं. तुला तर कळणारच होतं… मी विचारच केला नाही. खरं सांगते, वाईट हेतूने नाही, पण विचारच केला नाही. खाली एक ओळ होती, 'प्रवाशांचा आक्षेप अपेक्षित आहे का?' तिथे मी 'नाही' लिहिलं. सही केली… हो, माझीच सही."

डबा सोडणाऱ्या बायकांपैकी एकीने मान वर करून बघितलं. धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि फाईल काखेतून घसरत होती. तिने ती गुडघ्याने अडवली.

"बोल ना काहीतरी. शिव्या दे… ताई? … काय? … आत्ता? इथे? … काहीतरीच काय! … अगं, माणसं बसलीत समोर… नाही, नाही म्हणत नाही मी, पण… मोठ्याने? …"

थोरलीने एकच मागितलं होतं. तू तुझं वजन सांग. जिथे उभी आहेस तिथे, मोठ्याने.

"चोपन्न."

हे ती पुटपुटली.

"… काय? … हो, तक्त्यात चोपन्नच आहे… ऐकू नाही आलं? चोपन्न… … नाही. थांब."

आपल्या कागदावर आपणच खोटं लिहिलं होतं, हे तिला त्या क्षणापर्यंत जाणवलंही नव्हतं. चोपन्न लग्नात होतं. त्यानंतर तिने काट्यावर पाय ठेवला तो पाच महिन्यांपूर्वी, आणि तो आकडा घरात कुणालाही सांगितला नव्हता. इथे तिला ना कुणी ओळखत होतं, ना कुणाला तिच्या वजनाशी कर्तव्य होतं, तरी आता सांगायला गेली तर कान तापले. धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"सदुसष्ट! माझं वजन सदुसष्ट किलो आहे!"

पेंगणारे गृहस्थ दचकून जागे झाले. डब्यावरचे दोन्ही हात थांबले. मग सगळ्यांनी एकदम दुसरीकडे बघितलं.

"… हो. बघितलं… हो ताई, दुसरीकडे बघितलं सगळ्यांनी."

मग धाकटीने बाहीने नाक पुसलं आणि तिचा आवाज एकदम ऑफिसातला झाला.

"काउंटरवर कोण आहे? … चष्मा आहे तिला? उंच? … माझ्याच हाताखाली शिकलीय ती. फोन दे तिच्याकडे… दे म्हणते ना. चालत जा. मोज्यांवर जा… हां… हॅलो? अगं मी बोलतेय, भारपत्रकवाली… हो, मीच. ऐक, तो भिंतीवरचा आकडा बंद कर… बंद म्हणजे बंद, वायर काढ… आदेश आहे हे मला सांगू नकोस, त्या आदेशाचा कागद मी लिहिलाय. काट्याला आतल्या बाजूला लहान पडदा आहे, तुझ्यापुरता. त्यावर बघ, कागदावर लिही, वाचू नकोस… नाही, माझ्या बहिणीपुरतं नाही. सगळ्यांसाठी. आजचं अख्खं विमान… नोंदवहीत लिही ना! माझं नाव घाल, वेळ घाल, दहा अठ्ठावीस… तुला काही होणार नाही. विचारलं तर मी सांगितलं म्हणून सांग."

पुढे तीन आठवड्यांनी कंपनीने या नोंदीचा खुलासा मागितला. धाकटीने तो दोन पानी दिला, त्यात तक्त्यातलं चोपन्न खोटं असल्याचंही लिहिलं. तिची बढती हुकली. भिंतीवरचे आकडे मात्र सगळीकडचे निघाले आणि तो फलकही उतरला. वजनावर भाडं घ्यायचा नियम तसाच राहिला. पण त्या सकाळी कॉरिडॉरमध्ये उभ्या असलेल्या तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. घड्याळ तेवढं दिसत होतं.

"… बहिणीच्या फरकाचं? … ते माझ्या हातात नाही. ते घ्यावं लागेल तुला… हो, माहितीये… दे तिला फोन. आणि अगं, बूट आहेत तिथे काट्यापाशी, तपकिरी. ते दे आधी… ताई? हां. केलं बंद? … बेकरीवाल्यांना पण सांग. ये म्हणावं त्यांना… आले का? बरं झालं."

पलीकडे थोरली फोन खिशात टाकून काट्यावर चढली असावी. धाकटीला नुसती कापडाची सळसळ ऐकू येत होती. कुणाच्या तरी बॅगेची चाकं, दूरवरची सूचना, मग लाकडी फळीचा एक आवाज. ती श्वास रोखून उभी राहिली. अठरा वर्षांत हजारो माणसांची बेरीज तिने केली होती, पण त्या बेरजेतलं एक माणूस फळीवर पाय ठेवताना तिने कधी ऐकलं नव्हतं.

"झालं? … किती… नाही! नाही, मी विचारत नाहीये. तोंडातून गेलं, सवय… नको सांगूस. कधीच नको सांगूस… भरलेस? … पावती मागितलीस? काय, कारण लिहून? … तिने लिहिलं? 'प्रवाशाचे वजन'? असं अक्षरात? … घेऊन ये ती पावती. मला बघायचीय. नाही, खरंच बघायचीय."

दहा वाजून एकोणचाळीस मिनिटं झाली होती. तिने फाईल बाकाच्या कडेवर ठेवली. डबा सोडणाऱ्या एका बाईने सरकून जागा करून दिली.

"बॅग घेतलीस ना? … हलकी कशी? … काय काढून ठेवलंस? … बाबांचे शर्ट? नाडीचे, पुढून उघडणारे? ते तर तू ऑपरेशननंतर घालायला म्हणून… अगं, किती ग्रॅम भरले असते ते तिन्ही! … कुठे टाकलेस? … बाकाखाली? … अजून आहेत का बघ… बेकरीवाले आणतायत? धावू नका म्हणावं, वेळ आहे… मिळाले? … तिन्ही? … बरं."

तिला हसू यायला हवं होतं, पण आलं ते भलतंच. तिने तोंडावर हात धरला.

"… नाही, काही नाही. ठीक आहे मी… बाबा? जागे आहेत. सकाळी दाढी करून घेतली त्यांनी, तू येणार म्हणून. मघाशी म्हणत होते, थोरली आली की खोली भरल्यासारखी वाटते… हो, असंच म्हणाले, अगदी याच शब्दांत. आत्ता सुचलं म्हणून नाही सांगत, खरंच म्हणाले… रडू नकोस. चालता चालता रडू नकोस, पायऱ्या आहेत पुढे."

मग थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला.

"चढलीस? … कितवी रांग? … पट्टा? … पट्टा पुरत नसेल तर जोडपट्टा असतो त्यांच्याकडे, हळूच खूण केलीस तरी… मागितलास? मोठ्याने? … दोन मागितलेस, बेकरीवाल्यांसाठी पण? …"

दूर पलीकडे कुणीतरी फोन बंद करायला सांगत होतं. धाकटीलाही ते ऐकू आलं आणि ती भराभर बोलायला लागली.

"ऐक, उतरलीस की सरळ बाहेर ये. हे गाडी घेऊन उभे असतील. भेटायची वेळ पाचची आहे, मी खाली दारात थांबते… काय? … काय म्हणालीस? … हो. माहितीये. राग कसा जाईल इतक्यात… नाही, मी तशी अपेक्षाच करत नाहीये. तू नको बोलूस माझ्याशी. गाडीत नको बोलूस, वर आल्यावर नको बोलूस. रागावूनच ये, ताई. पण ये… ताई? … हॅलो? …"

फोन कट झाला होता. शेवटचं थोरलीने ऐकलं की नाही, कोण जाणे. धाकटीने फोन कानावरून काढला, चेहरा पुसला आणि बाबांना सांगायला आत गेली.